प्रोसेसरचा वेग मी पूर्ववत केला, पण वैशाली आली नाही

आज सकाळी अकरा वाजता मी नागभीडच्या माझ्या दुकानात एका मुलीचा नर्सिंग प्रवेशाचा फॉर्म भरत होतो. आज शेवटचा दिवस. फोटो चढवताना कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद.

"भाऊ, पोरीचं वर्ष वाया जाईन ना," तिची आई म्हणाली.

मागून एक काका बोलले, "उन्हानं माणसं पडून राह्यले, मशीन काऊन नाई पडणार?"

सगळे हसले. मी हसलो नाही. रांग लवकर सरावी म्हणून व्हिडिओ पाहून प्रोसेसरचा वेग मीच वाढवला होता. कूलरसमोर ठेवूनही तो तापत होता. शेवटी बायोस, म्हणजे कॉम्प्युटरची मूळ सेटिंग, उघडून वेग कंपनीने दिला होता तेवढाच केला. काम सावकाश झालं, पण फॉर्म सबमिट झाला.

मग आठवलं. काल कॉम्प्युटर असाच बंद पडला, तेव्हा घोडाझरीकडच्या वैशालीला मी "सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये" म्हणून परत पाठवलं होतं. तिचाही हाच फॉर्म होता. ती अजून आलेली नाही आणि फोन लागत नाही.

तिकडचं कोणी हे वाचत असेल तर तिला निरोप द्याल का? मुदत रात्री बारापर्यंत आहे. काल सर्व्हर चालू होता, हेही तिला सांगा. मी दुकानातच बसलो आहे.