हिरवा झालेला घट

मातीची पिशवी घेऊन वेल्ह्याच्या एसटीत चढलो, तर कंडक्टर म्हणाला, "बाबा, निम्मं वेल्हं घेऊन निघालात व्हय?" म्या म्हटलं, "निम्मं बायकोसंगं जळून गेलं. हे उरलेलं."

गावकीतल्या मंडळींनो, तुमी विचारता पुण्यात कसं काय, म्हणून लिहितोय. माझ्या हिचं वर्षश्राद्ध झालं आणि लेकीनं, सुनंदानं, मला तिच्या घरी आणलं. पिशवीत वावरातली माती होती, आणि हिनं राखेत घालून ठेवलेला गहू. नवरात्रात ही देवघराच्या अंधारात घट बसवायची. रोपं पिवळी जर्द यायची. दसऱ्याला ती माझ्या टोपीत खोवायची आणि म्हणायची, "आता दिसतंय माणूस." म्या मनात धरलं होतं, हितं तसाच पिवळा घट आला तर राहायचं, न्हाईतर परतीची एसटी धरायची.

पण फ्लॅटात अंधार कुठनं आणायचा? ओट्याशेजारी घट, वर ट्यूब, समोर खिडकी. पाती हिरवीगार झाली. म्या पिशवी भरायला घेतली.

सुनंदा कॉलेजात झाडांचं शिकवते. म्हणाली, "आबा, घट बिघडला नाही. पिवळ्या पात्यातले अन्न बनवणारे कण नुसते थांबलेले असतात. उजेड पडला की हिरवे होऊन कामाला लागतात. त्यांची स्वतःची थोडी जनुकं असतात. त्यावरून ते काही प्रथिनं आतच बनवतात."

"प्रथिनं म्हणजे डाळीतली?"

"तीच जात. पेशीची अवजारंच समजा. बाकीची बाहेरनं, पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनून येतात. दोन्हीकडचं जुळलं तरच पान चालतं. फार फार पूर्वी हे कण परके होते. पेशीत राहायला आले, बरंचसं सामान घराला दिलं, थोडं स्वतःपाशी ठेवलं."

"आता परत एकटे राहतील का?"

"नाही जमायचं."

"म्हंजे मला सांगतीयस."

"गव्हाचं सांगतेय," म्हणाली, पण पिशवी हातातनं काढून घेतली.

दसऱ्याला तिनं हिरवी पाती माझ्या टोपीत खोवली. "आता दिसतंय माणूस," म्हणाली. अगदी हिच्याच आवाजात. म्या तोंड खिडकीकडं फिरवलं.

गाव माझ्यापाशी थोडंच उरलंय, बाकीचं सगळं हितलं. दोन्ही मिळून चाललंय. माती कुंडीत ओतली. आता कंडक्टरला सांगा, म्हातारा रिकाम्या हातानं भेटायला येईल.