शॉवरचं विसण

शॉवर ही वस्तू ज्यानं काढली, त्याला एकदा माझ्या न्हाणीघरात उभं करायला पाहिजे. मूठ फिरवली की आधी गारठा, मग जरा बरं, आणि साबण डोळ्यांत गेला की नेमका चटका! त्या दिवशी तर खांद्यावर असं कढत पाणी आलं की "अगं आई गं" म्हणत मी भिंतीला धरून बाहेर आले. खांदा लालभडक. आणि माझं तोंड तरी काय मेलं, पोराचा फोन आला तर त्याला सांगून बसले.

पोरगा पुण्याला असतो. हा शॉवर आणि छतावरचं सोलर त्यानंच बसवलं, माझ्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा. बादलीवर वाकायचं नाही, खुर्चीवर बसून अंघोळ करायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या आधीच हे गेले होते. तेव्हापासून पोरानं एकच धोशा लावलाय, "आई, तू इकडं चल." मी काहून जाऊ? इथं डोंगरकडा गावात माझं स्वतःचं घर आहे, चार ओळखीची माणसं आहेत. पण या वेळी तो चिडलाच. म्हणाला, "शनिवारी येतो मी. तोवर ते नीट झालं नसलं, तर तुला घेऊनच जातो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय बोचकं आहे का, उचललं आणि गाडीत टाकलं! शनिवारच्या आत नीट करूनच दाखवते, म्हटलं.

पाणी कसं असावं हे मला कुणी शिकवायचं? सारी हयात घरादाराला विसण घालण्यात गेली. ह्यांना कडक लागायचं, सासूबाईंना कोमट, पोराला जेमतेम ऊन. हंड्यातलं पाणी बादलीत काढायचं, वरून गार ओतत जायचं, हात बुडवला की कळायचं, हे कुणाचं झालं. शॉवरमध्ये कुठं हात बुडवणार आणि कुठं गार ओतणार?

वारंगा फाट्याच्या प्लंबरला फोन लावला. "येऊन राहिलो मावशी, येऊन राहिलो" करता करता शुक्रवार उजाडला, तेव्हा कुठं त्याची फटफटी दारात लागली. पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस. त्यानं शॉवर खोलला, छतावर जाऊन आला आणि म्हणाला, "बोअरचं पाणी हाय मावशी. क्षारानं गार पाण्याचा वॉल पार चोंदलाय. गार येतच न्हाई, म्हून चटके बसून राहिले." मग आतल्या बाजूला बघत त्यानं विचारलं, "अंघोळ चालू असताना स्वैपाकघरातला नळ कोणी सोडतं का? त्यानं बी फरक पडतो."

"मी न्हाणीघरात असले की स्वैपाकघरात कोणी नसतं भाऊ," मी म्हणाले.

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

वॉल साफ करून झाल्यावर त्यानं सांगितलं, "आता मी छतावरून वॉल फिरवतो, तुमी खालून सांगा." मी पदर खोचला, खुर्चीवर बसले आणि शॉवरखाली हात धरला.

"आलं का?" झरोक्यातून आवाज आला.

"लई कढत!"

"आता?"

"अहो, एकदम गार केलं की!"

"आता बघा!"

घरात माझा आवाज घुमला तसं माझं मलाच नवल वाटलं. तशी मी गप्प बसणारी बाई नाही. फोनवर बोलते, दुकानात भांडते. पण घरातून हाक मारावी आणि वरून ओ यावी, हे ह्यांच्यामागं बंदच पडलं होतं.

तेवढ्यात पाणी अगदी बराबर आलं. हाताला लगेच कळलं. वरून त्यानं विचारलं, "आता?"

"न्हाई," मी ओरडले. "अजून थोडं गार."

"आता?"

"आता जरा ऊन करा."

धडधडीत खोटं बोलत होते मी, आणि लाजसुद्धा वाटत नव्हती. तो विचारत राहिला, मी सांगत राहिले. कोपरापर्यंत भिजले, लुगडं भिजलं. शेवटी तोच वैतागला. "मावशी, पाण्यात हात हाय ना तुमचा? का उगंच तकलीफ देऊन राहिले?"

"झालं, झालं! बराबर झालं," म्हणून मी नळ बंद केला.

चहा पाजला, आणखी अर्धा कप घ्या म्हणाले, पण त्याला दुसरीकडं जायचं होतं. फटफटीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत मी दारात उभी होते. मग घर असं गप्प झालं की मला आत जावंसंच वाटेना.

दुपारी पोराचा फोन आला. "झालं का गं नीट?"

मनात आलं, सांगावं, न्हाई रे, अजून चटके देतंय. तो आला असता. रागारागानं का होईना, आला असता. बॅग भर म्हणून घरभर ओरडला असता, मीही ओरडले असते. पण माझा ताठा आडवा आला.

"झालं की," मी ठसक्यात म्हणाले. "एकदम बराबर येतं. माझं मी करून घेतलं."

"वा, वा!" पोराचा जीव भांड्यात पडला. "मग आज रात्रीचं तिकीट रद्द करतो, आई. इथं कामाचा लई ताण चाललाय. दिवाळीला येतोच की."

"कर रद्द," मी म्हणाले. "उगं काहून यायचं?"