ग्रामसभेत आईची हजेरी

वाशीमला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, माहितीच्या अधिकाराचे अर्ज, सगळं दुसऱ्यांसाठी टाईप करण्यात माझी वीस वर्षं गेली. स्वतःच्या नावानं अर्ज करायची वेळ आली ती बाबांच्या फोनमुळे.

"ई-क्लासात तारा ठोकून राह्यले," बाबा म्हणाले.

ई-क्लास म्हणजे गावाची चराईची जमीन. मंगरूळपीरच्या बाजारातून आणलेल्या बाबांच्या तीन शेळ्या तिथंच चरायच्या, निम्म्या गावाची जनावरंही तिथंच. बाबांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की जागा गोदामाला दिली, ग्रामसभेनं ठराव केला.

"मी तं एक सभा सोडत नाई. मंग हे झालं कवा?"

सरकारचा नियम आहे, सोमवारी दुपारी तीन ते पाच कोणीही यावं आणि कार्यालयातलं दप्तर पाहावं. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो निळ्या अक्षरांत रंगवलेला आहे. मी सोमवारी दुपारी दुकान बंद केलं आणि तासाभराचा बसप्रवास करून गावी गेले. कार्यालयाला कुलूप. पुढच्या सोमवारी ग्रामसेवक होते. त्यांनी विचारलं, "कशासाठी पायजे?"

"पाहायचंय."

"ते समजलं. पण कशासाठी?"

हा प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला. मग कपाटाची किल्ली घरी राहिली म्हणाले. तिसऱ्या सोमवारी किल्ली होती, पण रजिस्टर ऑडिटला गेलं होतं.

मी लेखी अर्ज दिला. महिनाभरानं एका ओळीचं उत्तर आलं: सदर नोंदवही शोध घेऊनही आढळून येत नाही. हे वाक्य माझ्या दुकानात रोज कोणाच्या तरी पिशवीतून निघतं. मी ते वाचायचे, 'अपील करा' म्हणायचे आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घ्यायचे. या वेळी कागदावर माझं नाव होतं, तेव्हा कुठं त्या वाक्याचा संताप आला. इतकी वर्षं तो का आला नाही, याची लाज त्याहून जास्त वाटली.

अपिलाची सुनावणी पंचायत समितीत झाली. विस्तार अधिकारी शेंगा खात होते. टरफलं माझ्याच अपिलाच्या फाईलवर पडत होती. ग्रामसेवक त्यांच्या बाजूच्या खुर्चीत, मी आणि बाबा उभे.

"बाई, तुम्ही वाशीमला राहता. गावच्या रजिस्टरचं तुम्हाला काय पडलं?"

"नियमात राहण्याची अट नाही, साहेब."

त्यांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि ग्रामसेवकांना हसत म्हणाले, "दाखवून टाक ना. एवढं काय हाये त्यात?"

जे रजिस्टर शोध घेऊनही सापडत नव्हतं, ते पुढच्या सोमवारी टेबलावर होतं.

ग्रामसेवकांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. ते बोट तोंडात घालायचे, भिजवायचे आणि त्याच बोटानं पान उलटायचे. सगळ्या पानांचे कोपरे तांबूस, चिकट झालेले. रजिस्टर मी माझ्याकडे ओढलं आणि बाबांसमोर ठेवलं.

ठराव सुवाच्य अक्षरात होता. गोदामासाठी जागा देण्यास गावाची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. पुढच्या पानावर हजेरी. बाबा चष्मा सावरून एकेक नाव बोटानं वाचत होते, पहिलीतल्या मुलासारखे, मोठ्यानं. एका नावावर बोट थांबलं.

"हे तं तुही माय हाये."

आईचं पूर्ण नाव. पुढे निळ्या शाईतला अंगठा. सभेची तारीख दिवाळीच्या तोंडावरची होती. आई त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती.

आणि आई अंगठा लावत नसे. किन्हीराजाच्या माहेरी तिला कोणी शाळेत घातलं नव्हतं, पण पन्नाशीनंतर ती साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती. प्रत्येक अक्षर सुटं, मधे बोटभर अंतर. रेशन दुकानात कोणी शाईचा पॅड पुढे केला की ती तो मनगटानं बाजूला सारायची. "पेन दे," म्हणायची.

"माह्या बायकोले सई येत होती," बाबा ग्रामसेवकांना म्हणाले. ती मेली होती हे ते आधी म्हणाले नाहीत. सही येत होती, हे आधी म्हणाले.

मी पान उजेडाकडे धरलं. आईच्या अंगठ्यावर एक आडवी रेघ होती, जखम भरल्यावर राहते तशी. तिच्या खालच्या नावापुढच्या अंगठ्यावरही तीच रेघ. त्याखाली पुन्हा तीच. मी मोजले. अकरा माणसांना एकच अंगठा होता.

ग्रामपंचायतीचा शिपाई चहा घेऊन दारात उभा होता. विळ्यानं कापलेला त्याचा अंगठा अख्ख्या गावाला माहीत आहे. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तो सगळ्यांच्या आधी आला होता. परत येऊन आमच्या ओट्यावर रडलाही होता.

"तुमी लावला?" मी विचारलं.

"साहेबानं बोट दाखोलं तिथं लावला," तो म्हणाला. "नावं कोन वाचते, बाई?"

ग्रामसेवक अजिबात खजील झाले नाहीत. "कोरम भराले करा लागते. सगळीकडंच चालते हे. तुमी कायले एवढं मनाले लावून घेता? तुमच्या मायचं काय गेलं त्यात?"

बाबा उठले आणि बाहेर जाऊन हापशीवर हात धुवायला लागले. बराच वेळ धूत होते. मी नक्कल घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. ग्रामसेवकांनीच 'खरी प्रत' असा शिक्का मारून तिच्यावर सही केली.

त्या संध्याकाळी शिपाई घरी आला. बाबांनी त्याला आत बोलावलं नाही. तांब्या पुढे केला, म्हणाले, "पानी पे अन् जाय." तो पाणी न पिताच गेला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

मी तक्रार केली, चौकशी झाली. निकालात लिहिलं होतं, 'सदर बाब अनवधानाने घडली'. रजिस्टरात आईच्या नावावर लाल रेघ मारून पुढे 'मयत' लिहिलं. बाकीचे दहा अंगठे तसेच राहिले, कारण ती माणसं जिवंत होती आणि त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नव्हती. ग्रामसेवकांची मोठ्या गावात बदली झाली. ठराव मात्र रद्द झाला, तो पुन्हा ग्रामसभेपुढे ठेवा असा आदेश आला.

त्या सभेला मी बाबांसोबत गेले. या वेळी गाव आलं होतं. नवे ग्रामसेवक तरुण, नम्र. सभा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी रजिस्टर फिरवलं. वरचं अर्धं पान कोरं, खाली सह्यांसाठी रेघा. लोक रांगेनं सही करून चहाकडे वळत होते.

बाबांची पाळी आली. "वरतं काई लिवलंच नाई," ते म्हणाले.

"नंतर लिहितो ना, बाबा. आधी हजेरी."

"आदी लिवा. मंग सई."

मागून आवाज आला, "ओ बुढेबुवा, लाईन अडून राह्यली! तुमच्या एकट्याच्या शेळ्या हायेत का?" लोक हसले. त्यांत ते दहाही होते, ज्यांच्या नावापुढे शिपायाचा अंगठा अजून तसाच होता. मी त्यांना एकेकट्यानं नक्कल दाखवली होती. त्यांनी ती पाहून परत दिली होती.

बाबांनी सही केली नाही. ठराव पास झाला, या वेळी खऱ्या सह्यांनी. गोदामाचा पाया आता भरला आहे.

बस स्टॉपवर त्या दहांपैकी एक जण माझ्यापाशी आला. घरकुलाच्या यादीतून नाव कटलं म्हणाला, रेकॉर्ड मागायचा अर्ज पाहिजे. "तुमालेच जमते हे, बाई. गावची लेक हा तुमी."

तो हात जोडून उभा होता, खरंच अडलेला. मी त्याला दुकानात ये म्हणाले. बुधवारी तो आला. अर्ज मी टाईप करून दिला, पण तो समोर बसला होता तितका वेळ मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.