कुसुमताईंच्या वजनाचं पोतं

आमच्या नागपूरच्या लेआउटमधल्या गोपाळरावांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा केली नाही. जे केलं ते दुसऱ्यांदा. पहिली वेळ चाचणीची. नोकरी विजेचे मीटर तपासायची होती. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल-श्रीफळ दिलं, पण तपासायची खोड काही काढून घेतली नाही. ती ते घरी घेऊन आले आणि तिची सगळी झळ त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना बसली. थोडी मलाही बसली, कारण आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे आणि निवृत्त माणसाला ऐकणारा कोणीतरी लागतोच.

नियम साधा होता. आधी माणसाशिवाय करून बघायचं, मग माणसाने करायचं. व्हरांड्यात नवा झोपाळा टांगला तेव्हा त्यावर आधी विटा बसल्या. विटा चांगल्या महिनाभर झुलल्या, कुरकुर आली नाही, मग कुसुमताईंना परवानगी मिळाली.

लेकीच्या, रितिकाच्या लग्नात हाच नियम वरातीला लागला. आदल्या दिवशी सकाळी बँड आणि घोडी बोलावून त्यांनी धरमपेठेतून मंगल कार्यालयापर्यंत अख्खी वरात नवरदेवाशिवाय चालवून पाहिली. घोडी बुजते का, चौकात बँड अडतो का, एवढंच बघायचं होतं. घोडी बुजली नाही, बँड अडला नाही. फक्त रस्त्यावरच्या लोकांनी वाजतगाजत जाणारी रिकामी घोडी पाहिली आणि दुपारपर्यंत काटोलच्या नातेवाइकांकडे बातमी पोचली की नवरदेव पळाला. जावई जितेंद्र तेव्हा पुण्याहून निघून गाडीत होता. आपण पळालो आहोत हे बिचाऱ्याला नागपूर स्टेशनावर उतरल्यावर कळलं. इकडे गोपाळराव ज्याला त्याला सांगत होते की घोडी एक नंबर आहे.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं. पुढचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कुसुमताईंनी दुपटी शिवली, डिंकाचे लाडू वळले. गोपाळरावांनी दवाखान्यापर्यंत रिकामा ऑटो फिरवायला सुरुवात केली. सकाळचा झाला, दुपारचा झाला, बाजाराच्या दिवसाचा राहिला होता. रितिकाला कधी पाठवू, असं तिच्या सासूबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. बाळंतपण पुण्यात झालं. लाडू पार्सलने गेले. कुसुमताई राहिल्या.

नात झाली, तिचं नाव उन्नती ठेवलं, ती रांगायला लागली, चालायला लागली. कुसुमताईंनी हे सगळं फोनवर पाहिलं. रितिकाला नव्या नोकरीत सुटी मिळत नव्हती आणि कुसुमताई आयुष्यात कधी एकट्या गावाबाहेर गेल्या नव्हत्या. पुण्याला जायचं म्हटलं की गोपाळराव त्यांच्या गुडघ्यांचा विषय काढायचे. एवढा लांबचा प्रवास तपासल्याशिवाय कसा करायचा, असं ते विचारायचे. कसा तपासायचा ते मात्र त्यांनाही सुचत नव्हतं.

ते अमेरिकेने सुचवलं. हिवाळ्याच्या तोंडाशी तिकडून एक यान चंद्राकडे सुटलं. आत माणूस एकही नाही, सीटवर नारिंगी पोशाखातला पुतळा पट्ट्यांनी बांधलेला. ते चंद्राला वळसा घालून आलं आणि सुखरूप समुद्रात उतरलं. दुसऱ्या दिवशी गोपाळराव पेपर घेऊन भिंतीपाशी आले तेव्हा त्यांचं स्वतःचंच यान उतरल्याचा तोरा होता.

"वाच गा," ते म्हणाले. "येवढी हुशार माणसं, तेबी पहिले बाहुला पाठवते. अन् मले तुमी येडा म्हणून राहिले."

बाहुल्यानंतर ते माणसंही पाठवणार आहेत, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी पेपरची घडी घातली. दारात सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडत बसलेल्या कुसुमताई वर न बघता म्हणाल्या, "मंग माहाबी बाहुला धाडा एकडाव. त्याच्या मागून तरी मले जाता येईन."

टोमणा ओळखायची चाचणी गोपाळरावांकडे नव्हती. त्यांना ही सूचना वाटली, आणि ती आवडली. बाहुल्याच्या जागी कुसुमताईंच्या वजनाचं पोतं पुण्याला पाठवायचं त्यांनी ठरवलं. मी साक्षीला होतो म्हणून कुसुमताईंनी तिथेच कबूल करून घेतलं की पोतं जाऊन आलं की पुढच्या गाडीने त्या जाणार.

म्हणून तर त्या रुपरावाच्या किराणा दुकानातल्या काट्यावर चढल्या. रुपराव सवयीने वजन मोठ्याने ओरडला आणि साखर घ्यायला आलेल्या बायांनी ते ऐकलं. कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला, पण उतरल्या नाहीत. मग तेवढ्याच वजनाचं पोतं भरलं. तांदूळ, वर तुरीची डाळ, आणि काटा बरोबर यावा म्हणून भिवापूरची मिरची. त्यावर कुसुमताईंची निळी शाल बांधली. ट्रॅव्हल्सच्या गाडीत कुसुम नावाने जाण्यायेण्याची खिडकीची लेडीज सीट काढली. गाडीवाला म्हणाला, पोतं डिक्कीत टाका. गोपाळरावांनी त्याला चंद्रापासून समजावायला सुरुवात केली. चंद्राला वळसा पूर्ण व्हायच्या आत त्याने पोतं सीटवर बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो. पोतं जितेंद्रच्या बैठकीत सोफ्याला टेकवलेलं. हे आजीने पाठवलंय, असं कोणीतरी उन्नतीला सांगितलं असणार, आणि तिने त्यातला एकच शब्द उचलला. ती पोत्याच्या गळ्यात हात टाकून, शालीत तोंड खुपसून, "आजी, आजी" करत होती. रितिका हसत होती. गोपाळराव फोन नाकापाशी नेऊन विचारत होते की शिवण कुठे उसवली का. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी खुर्चीवरून उठलो.

कुसुमताईंनी फोन हातात घेतला, नात पोटभर पाहिली आणि ठेवला. मग म्हणाल्या, "माह्या वजनाचं पोतं जाऊन तिच्यापाशी बसलं. अन् मी इथं काहून बसून राहिली?"

"जाणं सोपं असते वं," गोपाळराव म्हणाले. "वापस येणं तपासा लागते. ते बाकी हाय."

कुसुमताई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. संध्याकाळी डबाभर सांबारवडी आणि एक पिशवी घेऊन त्या माझ्या दाराशी आल्या आणि त्यांनी मला तिकीट काढायला सांगितलं. मी इतक्या आनंदाने कधी कोणाचं काम केलेलं नाही. गोपाळराव गाडीपर्यंत सूचना देत आले. खिडकी सरकते का हे त्यांनी बाहेरून तपासलं. ती सरकत होती. कुसुमताईंनी ती आतून लावून घेतली.

पोतं मात्र ठरल्या दिवशी परत आलं, ठरल्या सीटवर, पट्टा बांधून. बाबांची चाचणी बिघडू नये म्हणून रितिकाने त्याची गाठही सोडली नव्हती. शाल तेवढी तिकडेच राहिली होती. गोपाळरावांनी पोतं रुपरावाच्या काट्यावर ठेवलं. वजन जसंच्या तसं. "पास," ते म्हणाले, पण ऐकायला मी आणि रुपराव दोघंच.

घरी आल्यावर ठेवायला दुसरी बरी जागा नव्हती म्हणून आम्ही पोतं झोपाळ्यावर ठेवलं, जिथे कुसुमताई बसायच्या. मग गोपाळरावांनी पुण्याला फोन लावून मोठ्या तोऱ्यात सांगितलं की परतीचा प्रवास सुखरूप आहे, आता यायला हरकत नाही. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"पोतं आलं नं वापस?" कुसुमताई म्हणाल्या. "मंग तेच ठेवा."

त्यानंतर भिंतीपलीकडून पेपर आला नाही. एकदा डोकावलो तर गोपाळराव झोपाळ्यासमोर चहा पीत होते. शेजारी दुसरा कप भरून ठेवला होता आणि त्यावर साय धरली होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

शेवटी एका सकाळी ते स्वतःच भिंतीपाशी आले. दाढी वाढलेली, हातात पिशवी.

"पुण्याचं एक तिकीट काढून दे गा," ते म्हणाले.

माझा स्वभाव काही त्या आठवड्यात सुधारला नव्हता. मी म्हटलं, आधी तुमच्या वजनाचं पोतं पाठवूया, रुपरावाचा काटा रिकामा आहे.

"नोको," ते म्हणाले.

मी तिकीट काढायला घेतलं. फोनने विचारलं म्हणून मीही विचारलं, परतीचं काढू का? त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं. पोतं जागच्या जागी होतं.

"ते तिले इचारून काढू."