भाऊंच्या गाडीतला डॅशकॅम

कुडाळ स्टेशनबाहेर माझं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान. टॅक्सीवाले माझ्याच बाकड्यावर बसतात, माझाच चहा पितात आणि जाताना किस्से टाकून जातात. डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारे कॅमेरे, बसवायला लागल्यापासून तर दुकानात किस्सेच जास्त, माल कमी!

*

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवी वस्तू वापरात येत नाही. पहिला डॅशकॅम सुन्याच्या टॅक्सीत बसला तेव्हा स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, भाऊ, नारळ घेऊन पुढे आले.

"बा देवा म्हाराजा, ह्या कॅमेऱ्याक लोकांची चूक दिसांदे, आमची दिसूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा स्टँड ओरडला.

*

सुन्याला सेटिंग समजावणं म्हणजे डोकेफोड! सेकंदाला साठ फ्रेम घेतल्या तर पळत्या गाडीचा नंबर स्वच्छ येतो. एचडीआर लावलं तर ऊन आणि सावली, दोन्हीतलं दिसतं. पण या कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही, एचडीआर लावलं की साठाच्या तीस होतात.

"म्हणजे सोलकढी वाढलंस की भात अर्धो करतलंस? ह्यां खंयचां जेवाण!"

शेवटी त्याने साठ फ्रेम घेतल्या. आठवड्यात एक बाईकवाला त्याचा आरसा उडवून पळाला. नंबर अगदी स्वच्छ आला. सुन्याच्या मेव्हण्याचा!

"एचडीआर लाव रे," सुन्या कपाळाला हात लावून म्हणाला. "नंबर जरा पुसट इलो तर बरां."

*

भाऊंना कॅमेरा लेकीने घेऊन दिला. त्यांची रोजची फेरी कुडाळ-मालवण, निम्मा रस्ता झाडांखालून. म्हणून मी न विचारताच एचडीआर लावलं. दुसऱ्याच दिवशी भाऊ तणतणत आले.

"तुझो कॅमेरो खोटां दाखयता! कट्टा गावच्या अलीकडे झाडाखाली एवढो उजेड खंय आसता?"

म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार? एचडीआर बंद केलं. मालवणची फेरी मारून ते परत आले, आम्ही व्हिडिओ लावला. वर आभाळ पांढरंफटक, झाडाखाली नुसता काळोख.

भाऊ खूश! "हां! आता बरोबर. माका असांच दिसता."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. रोज सहा माणसं घेऊन भाऊ त्या काळोखातून जात होते!

सुन्याने गुपचूप आदल्या दिवसाचा, एचडीआरचा व्हिडिओ लावला. तेच झाड, तीच सावली. त्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. भाऊंची गाडी हॉर्न न देता तिच्या पदराला घासून गेली.

"ही खंय होती?" भाऊंनी विचारलं.

"थंयच होती, भाऊ."

भाऊंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा.

"मोतीबिंदू आसतलो भाऊ, ऑपरेशन करूया," सुन्या घाईघाईने म्हणाला. "मी येतंय तुमच्यावांगडा."

भाऊंनी गाडीची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली आणि समोरच्या दुकानातून नारळ मागवला. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आमची चूक दिसूक नको म्हणान सांगणां केललंय. तां आज मागे घेतंय रे म्हाराजा!"