धुऱ्यावरची माफी

शिरपूरच्या बसस्टँडजवळ शेठजींचं कृषी केंद्र आहे. काउंटरवर मुंगी आली तर ते तिला रुमालाच्या टोकानं हळूच बाजूला करतात. कांदा, बटाटा खात नाहीत. "जमिनीतले जीव मरतेत ना, भाऊ," असं म्हणतात आणि मागच्या फळीवरून तणनाशकाचा डबा काढून देतात. "जपून मार. टोपणभर कमीच टाक." मला हसू येतं. तेही हसतात, पण डबा देताना माझ्याकडे बघत नाहीत.

जैनांचं पर्युषण संपलं की ते ओळखीच्या सगळ्यांची माफी मागत फिरतात. यंदा मी घरी सापडलो नाही, म्हणून थेट वावरात आले. मी पाठीवर पंप घेऊन वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या गवतावर फवारा मारत होतो. त्यांनी हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले, आणि मग विचारलं, "गांडूळ दिसते का आता तुह्या वावरात?"

"पयले लय निघत. आता नाही दिसत."

त्यांनी चपला काढल्या. खाली बसून एक ओलं ढेकूळ उचललं आणि बोटांनी हलकेच फोडलं. आत काहीच वळवळलं नाही. माती होती तिथंच ठेवून त्यांनी तिच्यापुढं हात जोडले आणि मघाचेच शब्द पुन्हा म्हटले.

"शेठजी, तुमी कायले माफी मांगता? मारतो तं मी."

"डबा इकतो तं मीच ना, भाऊ."

पाठीवर भरलेला पंप घेऊन खाली बसता येत नाही. मी तो उतरवला.