उरलेल्या डोळ्याचा गॉगल

माझा उजवा डोळा भाताच्या एका दाण्यानं नेला. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. खळ्यावर झोडणी चालली होती. आई भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होती आणि मी, दहादा सांगूनही न ऐकणारं पोर, तिच्या समोर बसून उडणारे दाणे झेलत होतो. एक दाणा कुसळासकट डोळ्यात गेला. आईनं पदराचं टोक ओलं करून तो काढला, फुंकर घातली आणि शेजारणीनं सांगितलं म्हणून मधही घातला. पाचव्या दिवशी डॉक्टर गाठला, तोवर बुबुळावर फूल पडलं होतं. ते अजून आहे. समोरच्याला वाटतं मी त्याच्याकडे रोखून बघतोय, आणि माझा स्वभाव पाहता ते बऱ्याचदा खरंही असतं.

त्या वर्षापासून आईनं मला झोडणीच्या वेळी खळ्यावर पाऊल टाकू दिलं नाही. विटीदांडू बंद, फटाके बंद, रंगपंचमीला दार बंद. त्या दाण्याबद्दल ती कधी बोलली नाही. एकदाच बोलली, माझ्या लग्नाच्या बोलणीत. मामा लोक ‘पोराला जरा कमी दिसतं’ वगैरे गोलमाल करत होते, तेव्हा ती आतून येऊन पाहुण्यांना म्हणाली, “एका डोळ्यानं दिसत न्हाई. माज्या हातनं झालंय त्ये.” आणि पुन्हा चुलीपाशी गेली. लग्न जमलं ते त्या वाक्यामुळं, असं बायको आजही सांगते.

मी वडगावला तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देतो. दिवसभर ‘मी प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ लिहिणाऱ्या माणसानं बंदूक घेऊन जंगलात लोळावं असं कोणाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. माझी मुलगी तळेगावच्या एका कंपनीत आहे. महिन्यातून एकदा ती आणि तिचे सोबती लोणावळ्याच्या अलीकडं, डोंगराला लागून असलेल्या एका मैदानावर एअरसॉफ्ट खेळायला जातात. बंदूक खऱ्यासारखी दिसते, पण आत तुरीच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे गोल छर्रे असतात. अंगाला लागला तर चांगला चिमटा बसतो. डोळ्याला लागला तर डोळा गेला. एका पावसाळी रविवारी मी तिला सोडायला गेलो आणि जाळीबाहेर बसून खेळ पाहिला. छर्रा लागला की कुणी सांगायची वाट न बघता माणूस आपणच हात वर करत होता आणि मुकाट बाहेर येत होता. कचेरीसमोर इतकी वर्षं बसून एवढा प्रामाणिकपणा मी पाहिला नव्हता. परतताना गाडीत मी म्हणालो, “मला एकदा खेळायचंय.”

कामशेत आलं तशी मुलगी म्हणाली, “बाबा, डोळा एकच आहे.”

“म्हणून तर नीट गॉगल शोधायचा,” मी म्हणालो.

काणीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. काण्याच्या गॉगलला त्याहून जास्त आली. मला आधीच नंबरचा चष्मा, त्यामुळं जे काही घालायचं ते चष्म्यावरून. मी हातात येईल ते गोळा केलं. मुलीच्या कंपनीतला पारदर्शक संरक्षक चष्मा घेतला, पोहायचा गॉगल घेतला आणि बारीक तारेच्या जाळीचा एक मुखवटा घेतला. मुखवटा मला फार आवडला. त्याला काचच नाही, म्हणजे वाफ धरायचा प्रश्न मिटला. सगळं पिशवीत घालून मी मैदानावरच्या मावशींकडं गेलो.

मावशी शेजारच्या ठाकरवाडीतल्या, साठीच्या. फाटक आणि गॉगल ही दोन खाती त्यांच्याकडं. गॉगलच्या कडेनं त्यांचं बोट फिरल्याशिवाय आत कोणी जात नसे, मग तो कितीही मोठ्या गाडीतून आलेला असो. फाटकाजवळ त्यांनी एक बुजगावणं उभं केलं होतं, डोक्याच्या जागी मडकं. मी पिशवी उघडली तशा त्या म्हणाल्या, “आदी मडक्याला घाला भाऊ. मंग सोताला.”

पाच पावलांवरून त्यांनी स्वतः बंदूक धरली. पोहायच्या गॉगलची काच पहिल्याच छर्ऱ्याला तडकली. कंपनीचा चष्मा समोरून टिकला, पण बाजूनं मारलेला छर्रा फटीतून आत शिरून मडक्यावर वाजला. जाळीच्या मुखवट्यानं छर्रा अडवला, तेव्हा मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मुखवटा उलटा केला, मडक्यावर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला पांढरा चुरा होता. “छर्रा फुटला का चुरा आत येतो. दोन डोळं असनाऱ्यानं घालावी ही. तुमी न्हाई.”

माझ्या डोळ्याबद्दल कोणी इतकं सरळ बोललं की मला राग येतो. त्या दिवशी आला नाही.

काय घ्यायचं ते त्यांनीच सांगितलं. कडेनं मऊ फोम हवा, गालाला आणि कपाळाला चिकटून बसणारा. कुठंही करंगळी शिरेल एवढी फट नको. चष्मा आत मावेल एवढी खोली हवी. काच दुहेरी हवी, मधे हवा राहणारी, म्हणजे वाफ लवकर धरत नाही. तसाच एक जुना गॉगल त्यांच्याकडं होता. त्याच्यावर त्यांनी दहा छर्रे मारले आणि आतलं मडकं मला हात लावून बघायला लावलं. मुलीनं तसाच नवा मागवला. त्याच्या आतल्या काचेवर वाफ न धरणारा लेप होता. ती म्हणाली, “आतून हात लावायचा नाही, बाबा. पुसायचं तर मुळीच नाही. लेप निघून जातो.” हे तिनं मला सांगितलं. घरात आणखी कुणाला सांगावं असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

घरी बायकोनं इंद्रायणीचा भात उतरवला, झाकण काढलं आणि मी गॉगल वाफेवर धरला. काच स्वच्छ राहिली. तेवढ्यावर माझं समाधान होईना. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताक फुंकून पिणारच. दुसऱ्या दिवशी भर पावसात चष्मा आणि वर गॉगल घालून गावामागची टेकडी चढलो. वाटेत एकानं विचारलं, “डोळं आल्यात काय?” मी “व्हय” म्हणून पुढं निघालो. माथ्यावर पोचलो तर गॉगल स्वच्छ आणि आतला चष्मा मात्र पांढराफटक. मग मुलीनं चष्म्याच्या काचांना लावायचं एक औषध आणलं, दोन थेंब चोळायचं. पुन्हा टेकडी चढलो. या खेपेला पवना धरणाच्या बाजूचे ढगसुद्धा दिसले.

आईला हे सगळं मान्य नव्हतं. “नातवंडं व्हायच्या वयात बंदुका,” एवढं बोलून तिनं तीन दिवस अबोला धरला. खेळाच्या दिवशी सकाळी गॉगल ओटीवरच्या खुंटीला नव्हता. तो तिच्या हातात होता, लखलखीत. टेकडीवरचा चिखल तिनं गरम पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं घासून काढला होता, आतून आणि बाहेरून, आणि आता ती पदरानं तो कोरडा करत होती. “लय राड झालती,” ती म्हणाली. “नीट दिसाया पायजे ना तुला.” अबोला सुटल्याच्या आनंदात मी गॉगल घेतला आणि निघालो. लेपाची आठवण मला झाली नाही, खोटं कशाला बोलू.

पहिली पंधरा मिनिटं मी आयुष्यात कधी नव्हतो तेवढा खूश होतो. कारवीच्या झुडपांमागं पोटावर पडलो, कोपरं सोलली, एका चांगल्या दणकट तरुणाला छर्रा मारला आणि त्यानं हात वर करून मला ‘मस्त, काका’ म्हटलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं खिडकीतून पाहिलेले सगळे खेळ मी त्या पंधरा मिनिटांत खेळून घेतले. मग चढ आला. धुकं होतं, अंग घामानं भिजलेलं, धाप लागलेली. समोरचं जांभळीचं झाड आधी पुसट झालं, मग दिसेनाच. पेजेतून बघावं तसं सगळं पांढरं. आजूबाजूला पानांवर छर्रे वाजत होते. माझा अंगठा आपोआप गॉगलच्या खालच्या कडेत गेला. जरा उचलायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. माणूस रोज चष्मा पुसतोच की.

जाळीच्या बाहेरून शिट्टी वाजली. पाठोपाठ मावशींचा आवाज आला. “भाऊ, हात काडा तितनं. काच उचलू नगा. हात वर करा आन हाय तितंच बसा. डोळा मिटून घ्या. म्या येते.”

एक डोळा असलेल्या माणसाला डोळा मिट सांगणं सोपं, मिटणं अवघड. काही दिसेनासं होण्याची भीती मी लहानपणापासून उशाशी घेऊन झोपलोय. पण मी मिटला. चिखलात बसून राहिलो. थोड्या वेळानं एका खरखरीत हातानं माझं मनगट धरलं आणि मी उठून चालू लागलो, मावशी नेतील तिकडं. दहा-बारा पावलं झाली असतील, आणि माझ्या डोळ्यासमोर, अगदी समोर, टक् करून वाजलं. शिट्टी ऐकू न गेलेल्या कुणाचा तरी छर्रा होता. डाव्या बाजूला. उरलेल्या डोळ्यावर.

मावशींनी मनगट सोडलं नाही.

जाळीबाहेर आल्यावर त्यांनी स्वतःच गॉगल काढला. बाहेरच्या काचेवर तिळाएवढा खळगा होता. त्यांनी तो पाहिला, मग गॉगल उलटा करून आतली काच उजेडाकडं तिरकी धरली. “आतनं घासलीया कुनीतरी,” त्या म्हणाल्या. धावत आलेल्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं.

“मीच पुसली,” मी म्हणालो.

रोज दहा जणांकडून खऱ्याच्या शपथा लिहून घेणारा मी, इतक्या सहज खोटं बोललो. मावशींनी माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं आणि “बरं” म्हणाल्या. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. आईच्या माथी एक डोळा आधीच होता. दुसरा जाता जाता राहिला हे तिला सांगून कुणाचं भलं होणार होतं? मुलीनंही वाटेत तो विषय काढला नाही, तिचे आभार मी इथंच मानतो.

घरी आई ओटीवरच बसली होती. “दिसलं का नीट?”

“लख्ख दिसलं.”

तिनं गॉगल हातात घेतला. बोट फिरवता फिरवता ते त्या खळग्यावर थांबलं. मग तिनं गॉगल खुंटीला अडकवला आणि भाकरी टाकायला गेली.

मावशींना काय द्यावं हे मला सुचत नव्हतं. भात निघाल्यावर पहिला कांडलेला इंद्रायणी त्यांना पोचवायचा, एवढं मी तेव्हाच ठरवलं. मुलीनं आतली काच बदलून आणली. नवा लेप, नवी ताकीद.

दिवाळी झाली आणि भात कापून खळ्यावर आला. आता बहुतेक भात यंत्रात जातो, पण गुरांसाठी अखंड पेंढा हवा म्हणून थोडा आम्ही अजून हातानं झोडतो. त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती आणि मी नेहमीप्रमाणं खळ्यापासून लांब, घराच्या पायरीवर बसलो होतो. आईनं खळ्यावरून हाक मारली, “आरं, त्यो तुजा गॉगल आन.”

मी खुंटीवरचा गॉगल काढला आणि खळ्याच्या कडेशी जाऊन थांबलो. पुढं जायची सवयच नव्हती. तिनं तो घेतला आणि आधी स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. एक पेंढी उचलली आणि फळीवर आपटू लागली. दाणे उडून काचेवर टकटक वाजत होते. पंच्याहत्तरीची आई, नऊवारी नेसलेली, तोंडावर तो काळ्या कडांचा गॉगल, बायकोला हसू आवरेना. आई हसली नाही. आठ-दहा वेळा झोडून ती थांबली, गॉगल काढला आणि पदराचं टोक हातात घेतलं. काच तिनं आतून-बाहेरून पुसली, चांगली दाबून. नवा लेपही गेला. मी तिला पुसू दिलं.

मग ती माझ्याजवळ आली, चष्म्यावरून गॉगल बसवला, मागचा पट्टा ओढला आणि कडेनं बोट फिरवून फट नाही ना ते पाहिलं.

“हां,” ती म्हणाली, आणि पेंढी माझ्या हातात दिली. “ये आता खळ्यावर.”